पायी शिकारीतील अंतर (उत्तर अमेरिका)

पायी शिकारीतील अंतर म्हणजे मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी निघालेल्या शिकाऱ्याने आपल्या वाहनापासून किंवा तळापासून किती लांब चालत जावे, याविषयीची मर्यादा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत होणारी एल्कची शिकार आणि अलास्कातील मूसची शिकार यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथे बरीचशी शिकार सार्वजनिक वनभूमीवर आणि मार्गदर्शकाविना केली जाते. रस्ता जेथे संपतो तेथून पुढे मारलेल्या प्राण्याचे सर्व मांस बहुधा शिकाऱ्यालाच पाठीवर वाहून आणावे लागते.

ही मर्यादा शिकारी रिकाम्या पाठीने किती लांब जाऊ शकतो यावरून ठरत नाही. मांस नासण्यापूर्वी ते सर्व बाहेर आणणे त्याला किती अंतरावरून शक्य आहे, यावरून ती ठरते. एकट्या आणि सुदृढ शिकाऱ्यासाठी एल्कच्या बाबतीत ३ ते ५ किमी, तर अलास्कातील मूसच्या बाबतीत सुमारे १.५ किमी (१ मैल) ही मर्यादा अनुभवी शिकाऱ्यांत सर्वसाधारणपणे सांगितली जाते. चढउतार, हवामान, सोबती आणि ओझ्याची जनावरे यांनुसार ती बरीच कमी-अधिक होते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

पार्श्वभूमी

एल्क किंवा वापिटी (सर्व्हस कॅनाडेन्सिस) हा सांबराच्याच कुळातला, परंतु सांबराहून मोठा प्राणी आहे. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणतः ३०० ते ३५० किलो, तर मादीचे २२५ किलोच्या आसपास असते. अमेरिकेत एल्कची सर्वांत मोठी संख्या कोलोरॅडो राज्यात आहे. मोंटाना, वायोमिंग, आयडाहो आणि ओरेगन ही राज्येही या शिकारीसाठी प्रसिद्ध आहेत. शिकारीचा मुलूख बहुतांशी २,००० ते ३,५०० मीटर उंचीवरचा, सूचिपर्णी अरण्यांचा आणि खोल दऱ्यांचा असतो.

या राज्यांतील वनभूमीचा मोठा भाग संघराज्य सरकारच्या मालकीचा आहे आणि परवानाधारकाला तेथे मुक्तपणे हिंडता येते. त्यामुळे वाहनतळाजवळ हंगामाच्या पहिल्या दिवशी गर्दी होते, आणि गर्दीपासून दूर जाण्यासाठी रस्त्यापासून दूर जाण्याचा सल्ला नवशिक्याला सर्रास दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. परतीच्या वाटेचा हिशेब त्यात नसतो.

अंतर मोजण्याची रीत

भ्रमणध्वनीवरील नकाशात दिसणारे अंतर हे बहुधा दोन बिंदूंमधील सरळ रेषेचे असते. डोंगरातील प्रत्यक्ष वाट नागमोडी असते, ओढे टाळते आणि कडे वळसा घालून ओलांडते. त्यामुळे नकाशावरील ३ किमी पायाखाली ४ ते ५ किमी होणे ही सामान्य गोष्ट आहे.

उलट दिशेची चूकही घडते. पेनसिल्व्हेनिया राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीवर झालेल्या हवाई पाहणीत बहुसंख्य शिकारी रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच आढळले होते. दिवसभर पुष्कळ चालणे आणि वाहनापासून पुष्कळ दूर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडीत हळूहळू फिरताना मात्र त्यांतील फरक लक्षात येत नाही.

केवळ लांबीपेक्षा चढाचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सपाटीवरील दर ५ किमीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास धरतात. हा नियम हलके सामान घेऊन चांगल्या वाटेने चालणाऱ्यासाठी आहे. २५ ते ३० किलो ओझे, पायवाटेचा अभाव आणि विरळ हवा यांमुळे लागणारा वेळ सहज दुप्पट होतो. वणव्याने किंवा खोडकिड्याने मेलेल्या लॉजपोल पाइनच्या जंगलात आडव्या पडलेल्या खोडांचा खच असेल, तर ताशी १ किमी वेगही अवघड असतो. अशा ठिकाणी रिकाम्या पाठीने ओलांडलेले प्रत्येक खोड परतताना ओझ्यासह ओलांडावे लागते.

यावरून शक्य असेल तेथे तळाच्या किंवा वाहनाच्या वरच्या अंगाला शिकार करण्याचा प्रघात पडला आहे. त्यात शिकारी सकाळी रिकाम्या पाठीने चढतो आणि ओझे घेऊन उतरतो. वाहन कड्यावरील रस्त्यावर उभे करून खालच्या दरीत उतरणे हे त्याच्या उलट होय. दरीच्या तळाशी मारलेला एल्क नकाशावर वाहनापासून दीड किलोमीटरवरच असला, तरी ४०० मीटरचा उभा चढ प्रत्येक खेपेला चढावा लागतो. जुने शिकारी असल्या दऱ्यांत गोळी झाडण्याचेच टाळतात.

गोळी जेथून झाडली ते ठिकाण आणि जनावर जेथे पडते ते ठिकाण एकच नसते, हेही हिशेबात धरावे लागते. विशेषतः बाणाने केलेल्या शिकारीत एल्क वर्मी लागल्यानंतरही काही अंतर धावतो, आणि मग रक्ताचा माग काढत त्याच्यामागे जावे लागते. त्यामुळे मर्यादेच्या अगदी टोकावर सोडलेला बाण प्रत्यक्षात बऱ्याचदा मर्यादेबाहेरचा ठरतो.

खेपांचे गणित

पूर्ण वाढलेल्या नर एल्कपासून हाडे काढलेले मांस सुमारे ९० ते ११० किलो मिळते. ते २५ किलोच्या ओझ्यांत विभागले तर चार खेपा होतात. पहिली खेप घेऊन निघालेल्या एकट्या शिकाऱ्याला चार वेळा भरलेल्या पाठीने बाहेर यावे लागते आणि तीन वेळा रिकाम्या पाठीने परत जावे लागते. म्हणजे एकूण चाल मूळ अंतराच्या सातपट होते. शिंगे व कवटी यांसाठी पाचवी खेप करावी लागल्यास ती नऊपट होते. मुक्कामाचे सामान जनावराजवळच असेल तर त्याची खेप वेगळी.

ओझ्यासह ताशी २ किमी आणि रिकाम्या पाठीने ताशी ३ किमी असा मध्यम वेग धरल्यास चार खेपांना २ किमी अंतरावर सुमारे ६ तास लागतात. सोलणे आणि तुकडे करणे यांचे तीन-चार तास त्यात मिळवले, तरी काम एका दिवसात उरकते. हेच अंतर ५ किमी असेल तर चाल ३५ किमी होते आणि १५ तास निव्वळ चालण्यात जातात. काम दुसऱ्या दिवसावर जाते. ८ किमी अंतरावर चाल ५६ किमी आणि वेळ २४ तास होतो, म्हणजे रोज आठ तास चालूनही तीन दिवस लागतात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशीचा वेग तिसऱ्या दिवशी राहत नाही, त्यामुळे हा अंदाजही उदारच आहे.

सोबत्यामुळे हे गणित एकदम बदलते. दोघांनी प्रत्येकी दोन खेपा केल्यास प्रत्येकाची चाल अंतराच्या तिप्पट होते, आणि ५ किमीवरील एल्क एका दीर्घ दिवसात बाहेर येतो. चौघे असतील तर एकाच खेपेत सर्व आटोपते. म्हणूनच एकट्याने जाणाऱ्याची मर्यादा आणि गटाची मर्यादा यांत मोठा फरक केला जातो. तथापि गटातील प्रत्येकाकडे परवाना असून एकाच दिवशी दोन एल्क मारले गेले, तर सोबत्याचा हा फायदा संपतो.

काही शिकारी सर्व ओझी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवतात. पहिले ओझे तीन-चारशे मीटर पुढे नेऊन ठेवायचे, मागे येऊन दुसरे उचलायचे, आणि सर्व ओझी एकत्र झाल्यावर पुढचा टप्पा घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. एकूण चाल त्यामुळे कमी होत नाही. परंतु मांस फार वेळ नजरेआड राहत नाही, रिकाम्या चालीत पाठीला थोड्या-थोड्या वेळाने विसावा मिळतो, आणि थंड सावलीची जागा सापडली की सर्व मांस तेथे एकत्र ठेवता येते.

मांस आणि वेळ

नुकत्याच मारलेल्या एल्कच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि जाड कातडे व केस ती उष्णता धरून ठेवतात. मांसावरील जिवाणूंची वाढ ४ अंशांच्या वर वेगाने होते. मागच्या फऱ्यात, खुब्याच्या सांध्याजवळ मांस सर्वांत जाड असल्याने तेथील उष्णता सर्वांत शेवटी बाहेर पडते. बाहेरून थंड व चांगले दिसणारे मांस हाडालगत आंबलेले निघते ते याच ठिकाणी. त्यामुळे पहिली घाई वाहतुकीची नसते. कातडे काढणे, फरे वेगळे करणे आणि वारा लागेल असे टांगणे ही कामे आधी करावी लागतात.

पोट न फाडता एका कुशीवरून कातडे सोलून पुढचा व मागचा फरा, पाठीचा मांसल पट्टा आणि मानेचे मांस काढायचे, मग जनावर उलटून दुसऱ्या बाजूला तसेच करायचे, ही पद्धत दूरवरच्या शिकारीत रूढ आहे. एकट्या माणसाला ३०० किलोचे धूड हलवण्याचे श्रम तीत वाचतात आणि आतड्यांतील घाण मांसाला लागत नाही. काढलेले मांस हवा खेळेल अशा जाळीदार कापडी पिशव्यांत भरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत उष्णता व ओलावा कोंडून मांस लवकर नासते. मांस जमिनीवर न ठेवता सावलीत, शक्यतो ओढ्याकाठच्या थंड हवेत, फांदीवर टांगतात. पृष्ठभाग वाळून त्यावर पातळ कोरडा थर धरला की माश्यांचा व जिवाणूंचा उपद्रव कमी होतो.

हंगामानुसार ही मर्यादा बदलते. धनुष्यबाणाची शिकार मुख्यतः सप्टेंबरमध्ये होते. तेव्हा दुपारचे तापमान २० अंशांपुढे जाते आणि हातात असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. रात्री गारठा पडत असेल आणि मांस दिवसभर गर्द सावलीत राहत असेल तरच दुसऱ्या दिवसाचा विचार करता येतो. बंदुकीची शिकार प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. तेव्हाच्या थंडीत टांगलेले मांस कित्येक दिवस टिकते. म्हणजे जे ५ किमी नोव्हेंबरमध्ये सोसते तेच सप्टेंबरच्या उन्हात मांस गमावण्याइतके लांब ठरू शकते. बर्फाने मात्र दुसरी अडचण उभी राहते. मांस टिकते, पण कमरेएवढ्या बर्फातून ते बाहेर आणणारा माणूस थकतो, आणि बर्फाच्या वादळानंतर वाहन जेथे उभे केले तो रस्ताही बंद झालेला असू शकतो.

संध्याकाळच्या शिकारीला हीच बाब लागू पडते. कोलोरॅडो व मोंटाना येथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. शेवटच्या उजेडात पाडलेला एल्क अंधारात शोधावा, सोलावा आणि टांगावा लागतो. तो रात्रभर कातड्यासह तसाच सोडला तर सकाळपर्यंत खुब्याजवळचे मांस बहुधा वाया जाते.

एल्क आणि रस्ते

रस्त्यापासून दूर जाण्यामागील मुख्य कारण म्हणजे एल्क स्वतःच रस्त्यांपासून दूर जातात. ओरेगनच्या ब्लू माउंटन्स भागातील स्टार्की प्रायोगिक वनात वनसेवा आणि राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते यांनी १९८९ पासून याविषयी दीर्घकालीन संशोधन केले आहे. सुमारे १०० चौ. किमी क्षेत्राला २.४ मीटर उंचीचे कुंपण घालून आतील एल्क व हरणांच्या गळ्यांत माग घेणारी यंत्रे बसवण्यात आली. वाहतुकीस खुल्या रस्त्यांजवळचा भाग एल्क टाळतात, हे तेथे स्पष्ट दिसले. पुढील प्रयोगांत चारचाकी मोटारसायकलींना ते सर्वाधिक बिचकतात आणि सायकलस्वारांना त्याखालोखाल, असे आढळले. पायी चालणारे व घोडेस्वार यांचा परिणाम त्याहून कमी असला, तरी तो शून्य नव्हता.

मोंटानात वनव्यवस्थापनासाठी हीच गोष्ट अंतराच्या भाषेत मांडली गेली. १९९१ मध्ये हिलिस व सहकाऱ्यांनी सुचवलेल्या निकषानुसार, खुल्या रस्त्यापासून किमान अर्धा मैल (सुमारे ८०० मीटर) दूर आणि किमान २५० एकर (सुमारे १०० हेक्टर) सलग झाडीचा भाग हा एल्कसाठी आसरा मानावा, आणि असे भाग एकूण क्षेत्राच्या किमान ३० टक्के असावेत. हा निकष पश्चिम मोंटानातील जंगलांसाठी होता आणि तो किमान मर्यादा सांगणारा होता, तरी पुढे तो फार दूरवर वापरला गेला. नैर्ऋत्य मोंटानातील माद्यांच्या हालचालींवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात हे अंतर वाढलेले दिसते. बंदुकीच्या हंगामात वाहनमार्गांपासून सुमारे दीड किलोमीटर आणि धनुष्यबाणाच्या हंगामात सुमारे पावणेतीन किलोमीटर दूरचा झाडीचा भाग आसरा म्हणून राखावा, असे त्यात सुचवले आहे.

हे आकडे शिकाऱ्याला कोठवर जावे हे सांगण्यासाठी काढलेले नाहीत. ते वनाधिकाऱ्याला कोणते रस्ते बंद ठेवावेत हे सांगतात. तरीही ते खेपांच्या गणिताशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एल्कचा आसरा जेथे सुरू होतो ते अंतर आणि एकट्या माणसाला मांस बाहेर आणणे शक्य असते ते अंतर यांत एक-दोन किलोमीटरचाच पट्टा उरतो. त्यापलीकडे जाऊन शिकारीची शक्यता वाढते असे नाही, कारण १० किमी आत गेलेला शिकारी पुष्कळदा तेथे घोड्यांवरून आलेल्या तळांमध्येच जाऊन पोहोचतो.

एल्क शिकतात, हीसुद्धा एक गुंतागुंत आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील माद्यांचा अनेक वर्षे माग घेऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वय वाढते तशा माद्या कमी हालचाल करू लागतात आणि रस्त्यांजवळ असताना झाडी व खडबडीत उतारांचा अधिक आश्रय घेतात, असे दिसून आले. दहा वर्षांपुढील माद्या शिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ लागतच नव्हत्या. रस्त्यालगतच्या दुर्लक्षित, अडचणीच्या खाचेत बसलेला कळप पहाटे टॉर्च लावून घाईने आत जाणाऱ्या शिकाऱ्याच्या मागेच राहून जातो. याशिवाय हंगाम सुरू होताच अनेक कळप शिकारीस बंदी असलेल्या खाजगी कुरणांत उतरतात, आणि तेथे चालण्याच्या अंतराचा काहीच उपयोग होत नाही.

कायद्याने पडणाऱ्या मर्यादा

किती लांब जावे हे कायदा सांगत नाही, परंतु चाकांचा उपयोग कोठे थांबतो आणि मारलेल्या प्राण्याचे काय करायचे हे तो ठरवतो. ३ सप्टेंबर १९६४ रोजी संमत झालेल्या विल्डरनेस कायद्याने संरक्षित क्षेत्रांत मोटारवाहने, मोटारीवर चालणारी साधने आणि सर्व यांत्रिक वाहतूक यांना मनाई केली. त्यामुळे तेथे सायकल तर नेता येत नाहीच, पण मांस वाहण्याची हाताने ओढायची दुचाकी गाडीसुद्धा चालत नाही. पाय आणि ओझ्याची जनावरे एवढेच मार्ग उरतात. वायोमिंगमधील अशा संघराज्य क्षेत्रांत राज्याबाहेरील शिकाऱ्याला मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी मार्गदर्शक किंवा तेथील रहिवासी सोबत घ्यावा लागतो.

इतर राष्ट्रीय वनांत २००५ च्या नियमानुसार मोटारवाहने केवळ अधिकृत नकाशात दाखवलेल्या मार्गांवरूनच नेता येतात. काही वनांत मारलेला प्राणी आणण्यासाठी ठरावीक मार्गांपासून ठरावीक अंतरापर्यंत वाहन आत नेण्याची सवलत असते, पुष्कळ ठिकाणी ती नसते. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तो खुला आहे असे गृहीत धरणे ही नेहमी घडणारी चूक आहे. फाटकाने बंद केलेला रस्ता पायी चालणाऱ्याला मात्र उपयोगी पडतो. त्याचा उतार सौम्य असतो आणि विल्डरनेस क्षेत्राबाहेर अशा रस्त्यावर हातगाडी ओढणे बहुधा शक्य असते. हातगाडीवर दोन-तीन खेपांचे ओझे एकदम येत असल्याने मर्यादा दुपटीने वाढू शकते.

कमीत कमी अंतरही काही ठिकाणी ठरवून दिलेले आहे. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. कोलोरॅडोत शिकाऱ्याला रस्त्याच्या मध्यरेषेपासून किमान ५० फूट दूर असावे लागते. अपंग शिकाऱ्यांना अनेक राज्यांत उभ्या वाहनातून शिकार करण्याचा विशेष परवाना मिळतो.

सर्वांत निर्णायक कायदे मांसाच्या नासाडीविरुद्धचे आहेत. खाण्यायोग्य मांस रानात टाकून देणे हा या राज्यांत दंडनीय अपराध आहे, आणि अंतर फार होते ही सबब मानली जात नाही. अनेक राज्यांत प्राण्याच्या लिंगाचा पुरावा मांसाच्या एखाद्या भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, त्यामुळे हाडे काढतानाही तेवढा भाग राखावा लागतो.

अलास्कातील मूस

मूस हा हरणकुळातील सर्वांत मोठा प्राणी असून अलास्कातील मोठ्या नराचे वजन ७०० किलोपर्यंत जाते. त्यापासून २२५ किलोच्या आसपास मांस मिळते. ३० किलोच्या ओझ्यांत ते आठ खेपांचे होते, म्हणजे एकट्याची चाल अंतराच्या पंधरापट. शिवाय अलास्काच्या काही शिकार-विभागांत फरे व बरगड्यांचे मांस रानातून बाहेर येईपर्यंत हाडांवरच ठेवणे सक्तीचे आहे. तेव्हा मागच्या एकेका फऱ्याचे वजन ५० किलोच्या घरात जाते आणि ओझे हलके करण्याचा मार्गच बंद होतो. मांस हाडावर असल्यास ते कमी पृष्ठभागावर उघडे पडते आणि रानात टाकले जाण्याची शक्यता घटते, हा त्या नियमामागचा विचार आहे. शिंगे मांसाच्या आधी बाहेर नेता येत नाहीत. ती शेवटच्या खेपेबरोबरच न्यावी लागतात.

जमीनही वेगळी आहे. टुंड्रावर गवताचे डोक्याएवढे डळमळते पुंजके असतात. त्यांवर पाय ठेवला तर घसरतो आणि त्यांच्यामध्ये ठेवला तर पाण्यात जातो. दलदलीच्या भागात ओझ्यासह गुडघ्यापर्यंत पाय रुततात. नदीकाठापासून किंवा विमान उतरू शकेल अशा पट्टीपासून १ मैलापलीकडे मूस मारू नये, हा तेथील संकेत यातून आला आहे. अनेक शिकारी अर्ध्या मैलावरच थांबतात. समोर मूस दिसत असताना तो जवळ येईपर्यंत एक-दोन दिवस वाट पाहणे, त्याला हाकाऱ्याच्या आवाजाने नदीकडे बोलावणे, आणि तो आलाच नाही तर सोडून देणे, हा तेथील शिकारीचा नित्याचा भाग आहे.

अलास्कात वाहनाची जागा बहुधा नाव किंवा पायपर सुपर कबसारखे लहान विमान घेते. १९८० च्या कायद्याने तेथील विल्डरनेस क्षेत्रांतही विमाने व मोटारनावांना पारंपरिक वापरासाठी मुभा दिली आहे. मात्र विमानाने आलेल्या दिवशी मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. सामान्यतः दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत थांबावे लागते. आकाशातून कळप हेरून लगेच शेजारी उतरणे त्यामुळे टळते. विमानाची वहनक्षमता मर्यादित असल्याने मांस पट्टीपर्यंत आणल्यावरही ते अनेक फेऱ्यांत न्यावे लागते, आणि हवामान बिघडल्यास वैमानिक काही दिवस येऊ शकत नाही.

ओझ्याची जनावरे आणि दूरचे तळ

मर्यादा वाढवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे घोडे व खेचरे. एक जनावर साधारणतः ६५ ते ७० किलो ओझे वाहते, त्यामुळे एक एल्क दोन जनावरांवर बाहेर येतो. मोंटानातील बॉब मार्शल क्षेत्र, आयडाहोतील फ्रँक चर्च क्षेत्र आणि वायोमिंगमधील थोरोफेअर या भागांतील दूरवरच्या शिकारीचा आधार हीच जनावरे आहेत. थोरोफेअर हा यलोस्टोनच्या आग्नेयेस असून तेथील काही ठिकाणे जवळच्या रस्त्यापासून ३० किमीहून अधिक दूर आहेत. पाठीवर मांस वाहून तेथून एल्क आणणे व्यवहारात अशक्य आहे. अलीकडे लामा भाड्याने घेण्याची पद्धतही वाढली आहे. लामाची वहनक्षमता ३० किलोच्या आसपासच असते, पण त्याला हाताळण्यास घोड्याइतके कसब लागत नाही.

काही व्यावसायिक केवळ मांस आणून देण्याचे काम करतात. शिकारी निरोप पाठवतो आणि ते जनावरे घेऊन जातात. अशी व्यवस्था हंगामापूर्वी ठरवून ठेवलेली असेल तरच तिच्यावर विसंबता येते. एल्क पाडल्यावर शोध सुरू केल्यास सर्व जनावरे दुसरीकडे गुंतलेली असण्याचाच संभव अधिक असतो.

पाठीवर छोटा तंबू घेऊन ५-६ किमी आत मुक्काम करणे हा आणखी एक मार्ग आहे. त्याने रोजची जा-ये वाचते आणि पहाटे कळपाजवळ असता येते. परंतु मांसाला तळापाशी आणून काही साधत नाही. शेवटी ते वाहनापर्यंतच न्यावे लागते. तळापासूनचे अंतर आणि वाहनापासूनचे अंतर यांची येथे गल्लत होते. तळापासून ४ किमी पुढे गेलेला शिकारी प्रत्यक्षात वाहनापासून १० किमीवर असतो.

धोके

एल्कचा मुलूख उंचावरचा असल्याने सखल प्रदेशातून आलेल्या शिकाऱ्याला पहिले काही दिवस धाप लागते. ओझे वाहण्याचे श्रम वर्षभर बैठे काम करणाऱ्याच्या हृदयाला झेपतीलच असे नाही. घामाने भिजलेले कपडे, मावळलेले ऊन आणि वारा यांमुळे शरीराचे तापमान घसरणे हा दुसरा मोठा धोका. तो बहुधा शेवटच्या खेपेला येतो, जेव्हा शिकारी थकलेला असतो आणि थांबायला तयार नसतो. कोणत्या वाटेने गेलो आहोत व केव्हा परतणार हे घरी लिहून ठेवणे आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र बाळगणे या आता सर्वमान्य खबरदाऱ्या आहेत. कोलोरॅडोत शोध व बचाव निधीसाठीची अल्प रक्कम शिकारीच्या परवान्यातच घेतली जाते.

यलोस्टोनच्या परिसरात आणि उत्तर मोंटानात ग्रिझली अस्वले आहेत. रक्ताचा वास घेऊन ती मृत जनावरापर्यंत येतात, आणि पहिली खेप पोहोचवून परतणाऱ्या शिकाऱ्याची त्यांच्याशी गाठ पडणे हा तेथील विशेष धोका आहे. म्हणून मांस सोललेल्या धडापासून व आतड्यांपासून दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी नेऊन टांगतात. त्या वनांतील नियमांप्रमाणे टांगलेले अन्न जमिनीपासून किमान १० फूट वर आणि झाडाच्या बुंध्यापासून ४ फूट बाजूला असावे लागते. परतताना वाऱ्याची दिशा पाहून, आवाज करत आणि दुरून दुर्बिणीने निरखून मगच जवळ जातात. अस्वलाने ताबा घेतलेले मांस सोडून द्यावे लागते. अंतर जितके अधिक, तितक्या खेपांमधला वेळ अधिक, आणि तितका अस्वलाला अवधी अधिक मिळतो. ग्रिझलींच्या मुलखात एकट्या शिकाऱ्याची मर्यादा याच कारणाने इतर ठिकाणांपेक्षा कमी धरली जाते.

मतभेद

मर्यादा आधीच ठरवून ती पाळावी की प्रसंग पाहून निर्णय घ्यावा, याबाबत शिकाऱ्यांत एकमत नाही. पहिल्या पक्षाचे शिकारी निघण्यापूर्वीच नकाशावर वाहनाभोवती रेषा आखतात. अमुक ओढा किंवा अमुक कडा ओलांडल्यावर शिकार दिसली तरी गोळी झाडायची नाही, असा त्यांचा नेम असतो. समोर मोठा नर उभा असताना केलेला हिशेब नेहमीच आशावादी असतो, हे त्यांचे कारण. दुसऱ्या पक्षाच्या मते थंडी, सोबती आणि उतार अनुकूल असतील तर आखलेली रेषा निरर्थक ठरते. या वादात कोठेही उभे राहिले तरी गोळी झाडण्याआधी खेपा मोजाव्यात, याबाबत दुमत दिसत नाही.

विजेवर चालणाऱ्या सायकलींनी या चर्चेत नवी भर घातली आहे. फाटकाने बंद केलेल्या रस्त्यावरून त्या सायकलीने तासाभरात १० किमी आत जाता येते आणि मागे जोडलेल्या गाडीवर मांस आणता येते. वनसेवा त्यांना मोटारवाहन मानते, त्यामुळे मोटारींना बंद असलेल्या तिच्या मार्गांवर त्यांनाही सामान्यतः मनाई आहे. इतर खात्यांच्या जमिनींवरील नियम ठिकाणानुसार वेगळे आहेत. शारीरिक मर्यादा असलेल्या आणि वयस्कर शिकाऱ्यांना त्यांच्यामुळे रान खुले होते, असे समर्थक म्हणतात. विरोधकांचा आक्षेप असा की एल्कचा आसरा वाहनमार्गापासूनच्या अंतरावर मोजला जात असताना असे प्रत्येक नवे वाहन त्या आसऱ्याची कड आणखी आत ढकलते.